हॅकेथॉन, स्कॅन आणि बेळगाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही आठ-दहा जण मधूनमधून एखादा शनिवार-रविवार टिळकवाडीत एका शिकवणीवर्गाची खोली मागून घेतो आणि सीटी, एमआरआयच्या चित्रांवर काम करणाऱ्या खुल्या (ओपन सोर्स) सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी बारीकसारीक दुरुस्त करत बसतो. याला हॅकेथॉन म्हणायचं की नाही यावर आमच्यातच दोन मतं आहेत. पण हा शब्द कानावर गेला की खानापूर, निपाणी, चिकोडीकडून फोन येतात, आणि प्रश्न नेहमी तेच असतात. म्हणून एकदा लिहून काढतोय. प्रश्नांचा क्रम महत्त्वाचा नाही, लोक ज्या क्रमानं विचारतात तोच ठेवलाय. पहिला प्रश्न अर्थातच पैशांचा.

पहिलं बक्षीस किती?

बक्षीस नाही. पहिलंही नाही, दुसरंही नाही, उत्तेजनार्थही नाही.

कॉलेजांतल्या हॅकेथॉनची सवय झालेल्यांना हे विचित्र वाटतं. तिथं चोवीस तास जागायचं, पहाटे चारला स्लाइड्स रंगवायच्या, परीक्षकांपुढे चालू होईल एवढंच दाखवायचं आणि मोठ्या पुठ्ठ्याचा चेक धरून फोटो काढायचा. सोमवारी तो कोड कुणी उघडत नाही. मी स्वतः असे दोन चेक धरलेत, म्हणून हक्कानं बोलतोय.

हॅकेथॉन या शब्दाची सुरुवात मात्र बक्षिसापासून झाली नव्हती. १९९९ च्या जूनमध्ये ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचे दहाएक प्रोग्रॅमर कॅनडातल्या कॅलगरीत जमले. कॅनडात का, तर तेव्हा अमेरिकेतून सांकेतिकीकरणाचं (एन्क्रिप्शनचं) सॉफ्टवेअर बाहेर पाठवायला कायद्याची अडचण होती. म्हणजे सरहद्दीच्या पलीकडे बसून केलेलं काम! सीमाभागातल्या माणसाला ही गोष्ट आवडायला हरकत नाही.

आम्ही ज्याचा कित्ता गिरवतो तो प्रकार २००५ मध्ये बॉस्टनच्या बाजूला सुरू झाला. अमेरिकेच्या सरकारी संशोधन निधीवर नॅशनल अलायन्स फॉर मेडिकल इमेज कम्प्युटिंग नावाचा गट उभा राहिला होता. त्यांनी ‘प्रोजेक्ट वीक’ भरवायला सुरुवात केली. वर्षातून दोनदा, एक उन्हाळ्यात, एक हिवाळ्यात. आतापर्यंत चाळीसहून जास्त झालेत. बॉस्टनमध्ये होतात, कॅनरी बेटांवर होतात, आणि कोविडपासून घरबसल्याही सामील होता येतं. पद्धत साधी आहे. येण्याआधीच प्रत्येकानं आपल्या प्रकल्पाचं एक पान लिहून ठेवायचं: काय करायचंय, कसं करणार. सोमवारी सगळ्यांसमोर दोन मिनिटं बोलायचं. शुक्रवारी परत उभं राहून काय झालं आणि काय झालं नाही ते सांगायचं. ‘झालं नाही’ हे सांगताना कुणी मान खाली घालत नाही. मला त्या पद्धतीतला सगळ्यात मोलाचा भाग तोच वाटतो. एरवी एकमेकांशी धंद्यात स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांचे लोकसुद्धा तिथं एका टेबलावर बसतात, कारण खालचा सॉफ्टवेअरचा पाया सगळ्यांचा एकच आहे.

आमचा आठवडा दोन दिवसांचा असतो. बाकी तेच.

नक्की कोणत्या सॉफ्टवेअरवर काम करता?

मुख्यतः थ्रीडी स्लायसर. १९९८ च्या सुमारास बॉस्टनचं ब्रिगम अँड विमेन्स हॉस्पिटल आणि एमआयटी यांनी मिळून ते सुरू केलं. एका विद्यार्थ्याच्या मास्टर्सच्या प्रबंधातून निघालेली गोष्ट आहे ही, प्रोजेक्ट म्हणजे नुसतं स्पायरल बाइंडिंग असं समजणाऱ्या आमच्या शेवटच्या वर्षाच्या पोरांना मी हे मुद्दाम सांगतो. सीटीचे शेकडो काप उघडायचे, त्यातून हाड किंवा गाठ वेगळी रंगवायची, तिचं त्रिमित रूप फिरवून बघायचं, मोजायचं, हे सगळं त्यात होतं.

त्याच्या पोटात दोन जुनी इंजिनं आहेत. चित्र काढून दाखवणारं व्हीटीके, १९९३ पासूनचं. चित्रावर प्रक्रिया करणारं आयटीके, जे अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिननं १९९९ मध्ये करायला घेतलं. सीमेक हे बिल्डचं, म्हणजे लिहिलेल्या कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर बांधायचं साधन आज सी प्लस प्लस या भाषेत लिहिणारे बरेच जण वापरतात, तेही आयटीके बांधताना अडचण आली म्हणूनच जन्माला आलं. स्कॅन साठवून ठेवायला बेल्जियममधल्या लिएजच्या हॉस्पिटलात तयार झालेलं ऑर्थँक आहे, ब्राउझरमध्ये स्कॅन बघायला ओएचआयएफ आहे. एकेकाची आवड.

मला कोडिंग येत नाही. येऊ का?

या. तुमच्यासारख्यांचीच वाट बघत असतो.

हे उगाच गोड बोलणं नाही. एक प्रसंग सांगतो. इंजिनिअरिंगच्या एका पोरानं छातीच्या सीटीचे आकडे बाहेर काढून, त्यांच्यावर काहीतरी करून परत स्लायसरमध्ये भरणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. चालत होती. कुठलीही चूक दाखवत नव्हती. आम्ही तिघांनी कोड वाचला, छान म्हटलं. एक सीटी टेक्निशियन मित्र चहाला म्हणून डोकावला होता. त्यानं स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाला, “हे लिव्हर हिकडं कसं गेलंय? पेशंट उलटा घातलाय काय?”

सीटीचा आडवा काप नेहमी पायाकडून बघितल्यासारखा दाखवतात. म्हणून पेशंटच्या उजवीकडचं यकृत स्क्रीनवर डावीकडे येतं. आमच्या चित्रात ते उजवीकडे होतं. कारण असं की डायकॉम या फाइलींच्या जागतिक प्रमाणात पहिला अक्ष पेशंटच्या डावीकडे वाढतो आणि दुसरा पाठीकडे. स्लायसर आत जे धरतो त्यात पहिला उजवीकडे वाढतो आणि दुसरा पोटाकडे. एकातून दुसऱ्यात जाताना दोन अक्षांची चिन्हं बदलावी लागतात. पोरानं एकच बदललं होतं. दोन्ही बदलायचीच विसरला असता तर चित्र पालथं पडलं असतं आणि कुणालाही दिसलं असतं. एकच बदलल्यामुळे त्याचा आरसा झाला, आणि आरसा वरवर बरोबरच दिसतो.

कॉम्प्युटरला यात चूक ओळखता येत नाही, कारण हजारोंत एखाद्या माणसाचे अवयव खरोखरच असे आरशातल्यासारखे असतात. त्याच्या दृष्टीनं हे चित्र अशक्य नाही. फक्त रोज तीस-चाळीस स्कॅन काढणाऱ्या माणसाच्या पोटात गोळा येतो. डाव्या मूत्रपिंडाचं ऑपरेशन उजवीकडे होणं म्हणजे काय, हे त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

तेव्हापासून आमचा नियम झालाय. प्रत्येक टेबलावर एक तरी माणूस असा पाहिजे ज्याला कोड वाचता येत नाही, पण चित्र वाचता येतं. टेक्निशियन, नर्स, फिजिओथेरपिस्ट, दातांचे डॉक्टर, कुणीही.

भाषांतराचं काम असतं म्हणे. ते काय?

स्लायसरच्या मेनूपासून बटणांपर्यंतचा सगळा मजकूर वेगवेगळ्या भाषांत आणण्याचा मोठा उपक्रम चालू आहे. त्यात सेनेगलच्या डकार विद्यापीठातल्या लोकांचा मोठा हात आहे. त्यांना फ्रेंचमध्ये पाहिजे होतं, त्यातून बाकीच्या भाषांनाही वाट मोकळी झाली. काम वेबलेट नावाच्या साधनावर चालतं. डावीकडे इंग्रजी वाक्य, उजवीकडे तुमचं. प्रोग्रॅमिंगचा संबंध नाही. वाक्यात मध्येच टक्क्याचं चिन्ह आणि आकडा दिसला तर तो तसाच ठेवायचा, तिथं नंतर फाइलचं नाव वगैरे येऊन बसतं. ‘एक टक्का’ असं त्याचं भाषांतर करणारे झालेत, म्हणून सांगतो.

खरी मारामारी शब्दांची असते. स्लायसरमध्ये ‘व्हॉल्यूम’ म्हणजे शेकडो काप एकावर एक रचून झालेलं अख्खं चित्र. शाळेत व्हॉल्यूम म्हणजे घनफळ, मोबाइलवर आवाज. ‘घनफळ उघडा’ असं बटण कुणाला कळणार? ‘स्लाइस’ला काहींनी छेद सुचवला, पुस्तकांतही तोच असतो. पण छेद म्हटलं की आधी अपूर्णांकाखालचा आकडा आठवतो, नाहीतर शस्त्रक्रियेतला. मला काप आवडतो, पावाचा असतो तसा. ‘थ्रेशोल्ड’ म्हणजे ठरावीक आकड्याच्या वरचे ठिपके वेगळे काढणारं साधन, त्याला उंबरठा हा शब्द फार देखणा आहे. पण ज्या टेक्निशियनला ते बटण दाबायचंय तो आयुष्यभर थ्रेशोल्डच म्हणत आलाय. तिथं मी उंबरठ्यावरून माघार घेतली.

काही शब्द मात्र घरी परतल्यासारखे चपखल बसले. एक साधन असं आहे की तुम्ही हाडावर थोडा रंग टेकवता, स्नायूवर दुसरा, आणि ते रंग आपापल्या हद्दीपर्यंत पसरत जातात. इंग्रजीत त्याला बियांपासून वाढवणं म्हणतात. खानापूरकडच्या भातशेतीतून आलेल्या मुलीला ते समजवायला अर्धं मिनिटही लागलं नाही. कुठं बी टाकायचं हे तिलाच आमच्यापेक्षा जास्त नीट कळत होतं. सुट्या तुकड्यांना ‘बेटं’, कापण्याला ‘कात्री’, आत कोरायला ‘पोकळ’, असे शब्द सरळ आले.

अक्षरांचीही एक पीडा आहे. इंग्रजीसाठी आखलेल्या बटणात आपली वेलांटी वरून आणि उकार खालून कापला जातो. ‘कृती’चं काय होतं ते बघवत नाही. अशी जागा सापडली की स्क्रीनचा फोटो काढून कळवायचं. हेही योगदानच. उलट एक गंमत: पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेला देवनागरी अंकांत ‘१२’ टाइप करून दिलं तर तो बिनतक्रार बारा समजतो. कन्नड अंकांतही समजतो.

मला कन्नड नीट येत नाही. (आणि तिकडून: मला मराठी नीट येत नाही.)

कुणालाच सगळं नीट येत नाही. टेबलावर मराठी, कन्नड, हिंदी आणि मोडकं इंग्रजी एकाच वाक्यात चालतं, जसं रविवार पेठेत भाव करताना चालतं. भाषांतराला बसताना आम्ही मराठी आणि कन्नड मुद्दाम शेजारी बसवतो. इंग्रजी वाक्य दोघांना एकच आलेलं असतं, आणि एकाला अडलेला शब्द दुसऱ्याच्या भाषेतून सुटतो.

सॉफ्टवेअरमधल्या नोंदवलेल्या अडचणीला ‘इश्यू’ म्हणतात. आपल्याकडे इश्यू म्हटलं की १९५६ चा सीमाप्रश्न आठवतो. तो इश्यू २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याच्यावर तिथं काय व्हायचं ते होईल. आमचे रविवारी संध्याकाळपर्यंत बंद करायचे असतात.

माझे काका हॉस्पिटलात आहेत. पेशंटचे स्कॅन पेनड्राइव्हवर आणू का?

नाही. काकांनाही सांगा, नाही.

हा प्रश्न इतक्या भाबडेपणानं विचारला जातो की उत्तर जरा लांब द्यावं लागतं. डायकॉम फाइलीत नुसतं चित्र नसतं. तिच्यासोबत पेशंटचं नाव, जन्मतारीख, हॉस्पिटलचा नंबर, तपासणीची वेळ, डॉक्टरांचं नाव असं पानभर लटकलेलं असतं. “नाव काढून टाकलं” म्हणून एकदा आम्हाला एक सीडी आणून दिली होती. कुठून ते सांगत नाही. नावाची नोंद खरंच कोरी होती. पण तेच नाव चित्राच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत छापलेलं होतं, पिक्सेलमध्येच. फाइलीची नोंद कितीही पुसली तरी ते जात नाही. सोनोग्राफीत आणि चित्राच्या रूपात साठवलेल्या रिपोर्टात हे फार असतं. आम्ही ती सीडी तिथंच बंद करून परत पाठवली.

डोक्याच्या स्कॅनची तर वेगळीच तऱ्हा. नाव, नंबर, अक्षरं सगळं काढलं तरी त्याच काप-चित्रांतून त्वचेचा पृष्ठभाग उभा करता येतो, आणि मग स्क्रीनवरून माणसाचा चेहरा आपल्याकडे बघत असतो. नाक, हनुवटी, कान. आपल्या गावात तर शेजारीसुद्धा ओळखतील. म्हणून संशोधनासाठी देताना चेहऱ्याचा भाग खरवडून काढणारी वेगळी साधनं आहेत.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आहे, हॉस्पिटलांच्या नैतिकता समित्या आहेत, संमतीपत्रं आहेत. ते सगळं रीतसर करून कुणी डेटा मिळवला तर तो त्यांच्या संशोधनाचा भाग. शनिवारच्या टेबलावर त्याचं काम नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या आजीबाई निपाणीहून यष्टीनं येऊन चार तास रांगेत बसून स्कॅन काढून गेल्या, त्यांना हे कुणी विचारलंय?

मग काम कशावर करायचं?

स्लायसरमध्येच नमुन्याचे स्कॅन मिळतात. एक डोक्याचा एमआरआय, एक छातीचा सीटी, मेंदूतल्या गाठीचे स्कॅन. जगभर सगळे त्याच डोक्यावर शिकतात. मी तर त्या माणसाचा मेंदू माझ्या स्वतःच्या हातापेक्षा जास्त वेळा बघितला असेल. जास्त हवं असेल तर द कॅन्सर इमेजिंग आर्काइव्ह नावाचा खुला साठा आहे. तिथल्या फुप्फुसातल्या गाठींच्या एकाच संग्रहात १०१८ सीटी आहेत आणि प्रत्येकावर चार रेडिऑलॉजिस्टांच्या खुणा आहेत. चौघांच्या खुणा जुळत नाहीत तेव्हा पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

ओळखीच्यांचं पोर्टेबल सोनोग्राफी मशीन आहे. तेच आणलं तर? थेट प्रोब लावून दाखवता येईल.

अजिबात नको. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली प्रत्येक सोनोग्राफी मशीन ठरलेल्या जागेवर नोंदवलेलं असतं. ते उचलून शिकवणीवर्गात आणणं म्हणजे सरळ गुन्हा अंगावर घेणं. हा कायदा जाचक वाटणारे डॉक्टर मला भेटलेत. पण आपल्या दोन्ही राज्यांत मुलींचं काय झालं ते ज्याला माहीत आहे, त्याला तो का आला हे सांगावं लागू नये. गर्भाची साठवलेली चित्रंसुद्धा आम्ही टेबलावर घेत नाही. कायदा तितकं मागतो की नाही यावर वाद घालत बसण्यापेक्षा दुसरा प्रकल्प घ्यावा.

एक्स-रे मशीन आणू का, असंही एकानं विचारलं होतं. त्याला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो एवढंच सांगितलं.

लॅपटॉप कसला लागतो?

आठ जीबी रॅम असलेला कसलाही. हिशेब असा करा: सीटीचा एक काप ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांचा, प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट, म्हणजे कापाला अर्धा एमबी. तीनशे काप म्हणजे दीडशे एमबी. जेवढा डेटा उघडायचा त्याच्या दहापट रॅम असावी असा स्लायसरवाल्यांचा ठोकताळा आहे. म्हणजे दीड जीबी. आठमध्ये आरामात बसतं, फक्त ब्राउझरच्या चाळीस खिडक्या बंद करा.

सॉफ्टवेअर घरूनच उतरवून आणा. खोलीतल्या इंटरनेटवर दहा जणांनी एकदम डाउनलोड लावला की काय होतं ते एकदा बघून झालंय.

स्लायसर स्वतः बिल्ड करावं लागतं का?

नाही. नवीन मॉड्यूल पायथनमध्ये लिहिता येतं, तयार स्लायसरमध्येच. मूळ सी प्लस प्लसला हात घालायचा असेल तरच बिल्ड, आणि ते तासन्‌तास चालतं. विंडोजवर फोल्डरचं नाव आखूड ठेवा, लांब पत्ता झाला की बिल्ड मध्येच मोडतं. आणि ते पावसाळ्यात दुपारी सुरू करू नका. करंट जातो.

आम्ही उद्यमबागेतले फौंड्रीवाले. आमचा काय संबंध?

हा प्रश्न फोनवर कुणी विचारला नव्हता, माझ्या वडिलांनी विचारला होता. ते पॅटर्नमेकर. आयुष्यभर सागवानात कास्टिंगचे साचे कोरले.

संबंध जवळचा आहे. एक्स-रे ज्या तत्त्वानं फुप्फुसातली पोकळी दाखवतो त्याच तत्त्वानं कास्टिंगमधला ब्लोहोल, म्हणजे आत राहिलेली हवेची पोकळी, दाखवतो. मोठ्या कारखान्यांत कास्टिंगचा सीटीही काढतात, फक्त तिथं किरणांचा जोर बराच जास्त लागतो. ती चित्रं स्लायसरमध्ये उघडता येतात. धातू एका बाजूला, हवा दुसऱ्या बाजूला, थ्रेशोल्ड लावला की सगळे ब्लोहोल वेगळे निघतात आणि मोजता येतात. माणसाच्या शरीरात हे इतकं सोपं कधीच नसतं. सीटीच्या मापात पाणी म्हणजे शून्य आणि हवा उणे एक हजार, पण यकृत, प्लीहा, स्नायू सगळे शून्याच्या जरा वर एकमेकांना चिकटून बसलेले. त्या मानानं लोखंड फार सरळ.

तिथून उलट दिशेनंही काही आलं. कवटीच्या सीटीवरून थ्रीडी प्रिंटसाठी मॉडेल काढत होतो. कडा पायऱ्यापायऱ्यांसारख्या दिसत होत्या म्हणून स्मूदिंग लावलं. छान गुळगुळीत झालं. वडिलांनी हातात प्रिंट घेऊन विचारलं, “श्रिंकेज धरलास काय?” धातू थंड होताना आकसतो म्हणून पॅटर्न जरा मोठा करतात, बिडाला साधारण शेकडा एक. मी म्हटलं, प्लास्टिक आहे हो, इथं कसलं श्रिंकेज. पण मग मोजलं. स्मूदिंगनं बारीक कमानी खरोखरच झिजल्या होत्या, डोळ्याच्या खोबणीची पातळ भिंत तर काही ठिकाणी गायब. गुळगुळीत करणं म्हणजे उंचवटे कापणं, हे मी तोपर्यंत नुसतं वाचलं होतं. त्या शनिवारचा आमचा प्रकल्प मग तोच झाला: स्मूदिंगच्या आधी आणि नंतर किती आकारमान गेलं ते शेजारी-शेजारी दाखवणारी छोटी खिडकी. वीस ओळींचा कोड. वडिलांनी त्याला ‘व्हर्निअर’ असं नाव दिलंय.

आता एआय सगळं करतं ना? मग हाताला काय काम?

करतं, आणि चांगलं करतं. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या हॉस्पिटलातल्या लोकांनी टोटलसेगमेंटेटर काढलं तेव्हा पहिल्याच आवृत्तीत ते सीटीमधले अवयव, हाडं, स्नायू आणि रक्तवाहिन्या मिळून १०४ भाग आपोआप रंगवत होतं. १२०४ सीटींच्या संग्रहावर ते शिकवलेलं आणि तपासलेलं होतं. स्लायसरमध्ये बटण दाबलं की चालतं, आणि ग्राफिक्स कार्ड नसेल तर चहा पिऊन यायला वेळ मिळतो.

पण ते चुकतं कुठं हे कोण बघणार? मणक्यांची मोजणी एकानं सरकली की बारावा बरगडीचा मणका कमरेचा पहिला होतो, आणि रंग तर सगळे सुंदरच दिसतात. चुका शोधणं, त्या परत करून दाखवता येतील अशा मांडणं आणि मूळ लोकांना कळवणं हे शनिवारचं उत्तम काम आहे. स्वतः मॉडेल शिकवायचं असेल तर त्यासाठीची खुली साधनं आहेत, मोनाई आहे, एनएनयूनेट आहे. दोन दिवसांत मॉडेल शिकवून होईल अशी आशा घेऊन मात्र येऊ नका.

आम्ही केलेलं सोमवारपासून डॉक्टर वापरतील का?

नाही. स्लायसर स्वतःच संशोधनासाठी आहे, असं ते स्पष्ट सांगतात. भारतात २०१७ चे वैद्यकीय उपकरणांचे नियम आहेत आणि एप्रिल २०२० पासून निदान-उपचारासाठीचं सॉफ्टवेअरही उपकरणाच्या व्याख्येत येतं. तिथपर्यंत जायचा रस्ता वेगळा, लांबचा आणि खर्चाचा. घरच्या कुणाचा स्कॅन उघडून “काही नाही, ठीक आहे” असं सांगू नका. आणि “काहीतरी आहे” असं तर मुळीच नको.

कोड कुणाच्या मालकीचा होतो?

लिहिणाऱ्याचा, पण तो सगळ्यांना वापरायची मुभा देऊन टाकतो. कोणत्या अटींवर, ते त्या त्या सॉफ्टवेअरच्या परवान्यावर. स्लायसर, आयटीके, व्हीटीके यांचे परवाने सैल आहेत, घेऊन कंपनीनं विकलं तरी चालतं. ऑर्थँकचा जीपीएल आहे. त्यात बदल करून पुढे वाटलं तर बदललेला कोडही द्यावा लागतो. कॉलेजच्या प्रोजेक्टचा कोड घालणार असाल तर आधी गाइडना विचारा. नंतर विचारलं की भांडण होतं.

आम्ही पाठवलेली दुरुस्ती मूळ सॉफ्टवेअरवाल्यांनी घेतलीच नाही तर?

होतं असं. माझी पहिली दुरुस्ती कित्येक आठवडे तशीच पडून होती. मग उत्तर आलं: छान आहे, पण हिच्यासोबत टेस्ट, म्हणजे ती बरोबर चालते का ते तपासणारा कोड, पाहिजे. मला राग आला होता. तीन ओळींच्या दुरुस्तीला तीस ओळींची टेस्ट? लिहायला बसलो तर माझ्याच तीन ओळींतली चूक सापडली. ती कुणालाही न सांगता दुरुस्त केली आणि टेस्ट पाठवून दिली. आता इथं सांगितलं.

लहान पाठवा. एका वेळी एकच गोष्ट. वर दोन वाक्यांत लिहा की आधी काय होत होतं आणि आता काय होतं. पलीकडचा माणूसही कुठंतरी रविवारीच ते वाचत असतो.

सर्टिफिकेट?

नाही. तुमच्या नावानं स्वीकारलेला बदल इंटरनेटवर कायम राहतो, तो दाखवा. कॉलेज त्यावर ॲक्टिव्हिटी पॉइंट देईल का, ते कॉलेजला विचारा.

मुलीला पाठवायचं म्हणतोय, पण रात्रभर जागायचं असतं ना?

नाही हो. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. खानापूरची, संकेश्वरची पोरं उजेडात बस पकडतील अशा बेतानं उठतो. रात्री दोन वाजता लिहिलेल्या कोडनं काय होतं ते वर यकृताच्या गोष्टीत आलंच, आणि तो तर दुपारी लिहिलेला होता. काही आया स्वतः बरोबर येतात. त्यांतल्या एक शिक्षिका आहेत, मराठी शुद्धलेखन आता त्याच तपासतात आणि आमच्यापैकी कुणाचीही गय करत नाहीत.

येताना काय आणू?

लॅपटॉप, चार्जर, माउस. टचपॅडवर अवयव रंगवता येत नाहीत, अर्ध्या तासात मनगट दुखतं. घरून उतरवलेलं सॉफ्टवेअर. एका कागदावर दोन ओळी: मला काय करून बघायचंय. ते नसेल तरी चालेल, यादी भिंतीवर लावलेली असते.

जेवण जवळच्या खाणावळीत, आपापलं. कुंदा कुणी ना कुणी आणतंच, त्याची काळजी नको. एक्सटेन्शन बोर्ड मात्र नक्की आणा. त्या खोलीत प्लग तीनच आहेत, आणि त्यातला एक पंख्याचा.